प्रश्न क्रमांक नऊ

जिल्ह्याहून गठ्ठा आला,
सुतळीने बांधलेला, एक कोपरा ओला.
नववी-दहावी मिळून एकेचाळीस मुलं.
वर सूचना: नाव लिहू नये.
खाली सूचना: शिक्षकांनी उत्तरं वाचू नयेत.

मी खिडकीशी उभी राहिले पाठ करून.
एका अंगाला कर्ली, एका अंगाला समुद्र,
मधे देवबाग, हाताच्या रुंदीएवढं.
बनाना बोटवाला कुणाला तरी भाव सांगत होता.

नऊ: गेल्या तीस दिवसांत गांजा, भांग,
किंवा त्यापासून केलेलं काही घेतलं का?
दहा: घेतलं असल्यास कुठून?
मित्र. टपरी. पर्यटक. घर.

औषधाला मोकळीक मिळाली,
म्हणून पोरं बिघडली का,
हे वरच्यांना आकड्यात हवं आहे.

संध्याकाळी मी सुतळी सोडली.
सोडायला नको होती.
नाव नसलं तरी अक्षर असतं,
सव्वीस वर्षं मी ह्यांचे 'श' दुरुस्त करते आहे.

मे महिन्यात उलट्या होडीमागे
पाहुण्यांनी टाकलेली अर्धी सिगरेट
ओंजळीत विझवताना ज्याला मी पाहिलं,
त्याची 'नाही' वरची खूण
भूमितीतल्या सिद्धतेखालच्या रेघेसारखी, सरळ, ठाम.
ती ओंजळ नियमाच्या आधीची.
तसल्या 'नाही' मी सहा मोजल्या
आणि मग मोजणं सोडलं.

'हो' एकच.
दहाव्या प्रश्नाला: घर.
वडिलांचा व्यवसाय: रापण.
त्यावर काट, शेजारी बारीक अक्षरात: सध्या नाही.

भाविक मेथर.

मी गेले तेव्हा जगन मेथर पडवीत कुशीवर होता,
जबड्याची एक बाजू पंचाने झाकलेली.
फळीवर कुडाळच्या वैद्यांची तपकिरी बाटली,
प्लॅस्टिकमधे शिक्क्याचा कागद, रेशनकार्डासारखा जपलेला.
बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनच्या रेघा.
रोज रात्री त्याची आई एक रेघ मारते.
कुणासाठी, ते तिने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
पोरगा तिथेच बसून जाळ्याचा दोरा सोडवत होता.

परतताना तो माझ्याबरोबर सुरूच्या बनापर्यंत आला.
मी म्हटलं, तू ते घेतलंस?
म्हणाला, "एकदा. चार थेंब.
बाबा बोलणत नाय. दुखता काय विचारलंय
तर नुसते डोळे मिटतत.
तेंका काय वाटता ता माका कळूक होया होता."
मग? काय कळलं?
"काय नाय. माका झोप इली.
तेंका झोप येणा नाय."

थोडं चालून, माझ्याकडे न बघता:
"आईन रेघ बघल्यान. कायच बोलाक नाय."

आणि थोड्या वेळाने:
"कागदार खोटा कशाक लिहू, बाई?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
शास्त्राची बाई मी,
प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'निष्कर्ष'
वेगळ्या रंगात लिहायला लावणारी.

रात्री तो कागद पुढ्यात घेऊन बसले.
पेनाची खूण, खोडरबर चालणार नव्हता.
समासात दोन ओळी लिहाव्यात वाटलं,
पण समास अर्ध्या इंचाचा
आणि शिक्षकांनी तर काही वाचलेलंच नाही.

सुतळी होती तशी बांधली, त्याच गाठीने.
सोमवारच्या एसटीने गठ्ठा गेला.

आता कुठल्यातरी तक्त्यात आमची शाळा असेल:
मोकळीक मिळण्यापूर्वी शून्य,
नंतर एक.
कुणी त्या एकावर बोट ठेवून म्हणेल, बघा.
कुणी म्हणेल, एकेचाळीसात एक म्हणजे काहीच नाही.
दोघांच्याही हातात कागद असेल.

परवा नववीला द्रावणं शिकवत होते.
ड्रॉपर धरायला कुणाला येतो, विचारलं.
हात बरेच वर आले.
भाविकने हात वर केला नाही.
बाकावर उताणा ठेवला होता,
अंगठा आणि बोट किंचित दाबलेली,
ओठ हलत होते,
आठ, नऊ, दहा,
अकराला थांबले.